गोपनीय अहवाल

संचालक मंडळाने फॉर्म माझ्याकडे पाठवला,
कारण मी कंपनी सचिव, आणि कारण
बावीस वर्षं मी कुणाच्याच बाजूची नाही असा समज आहे.
दहापैकी गुण द्यायचे.
नाव: मुकुंद चितळांगे. पद: मुख्य कार्यकारी अधिकारी.
पुढे कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा गेले तेव्हा रवींद्र नाट्यगृहात समारंभ झाला.
शाल, श्रीफळ, अर्ध्या किलोचा चांदीचा प्रोजेक्टर,
आणि पलासियाच्या कचेरीत जिन्यासमोर तसबीर.
अठरा महिन्यांनी, एका रविवारी रात्री, ते परत आले.
सोमवारी सकाळी शिपाई दिनेश दारात उभा,
मॅडम, साहेब आत बसलेत अन् फोटो भिंतीवर, बरं दिसतं का?
उतरवला. खिळा राहिला.
जिना चढताना ते तिकडे एकदा बघतातच.

मधल्याचं नाव निमिष कासलीवाल.
यांनीच निवडलेला, यांनीच हार घातलेला.
त्याच्या काळात ॲपने पैसे गिळले,
देवासचं थिएटर बंद पडलं,
वॉटर पार्कच्या घसरगुंडीवर भर मे महिन्यात पालापाचोळा.
बैठकीत सगळं त्याच्या खात्यावर पडतं
आणि मी इतिवृत्त लिहिते.
पण ॲप विकत घ्यायच्या ठरावावरची सही मी ओळखते,
तो शेपटीचा 'ळ'.
तारीख निमिषच्या आधीची.
कर्ज यांचं. हप्ते त्याचे.

हे लिहायला फॉर्मवर जागा नाही.

बरं, जे खरं आहे तेही लिहायला हवं.
शुक्रवारी पहिल्या खेळाला ते शेवटच्या रांगेत बसतात
आणि पडद्याकडे बघत नाहीत. डोकी बघतात.
कुठे मान वळली, कुठे मोबाइल उजळला,
कोणत्या वाक्याला कुणी पॉपकॉर्न खायचं थांबलं.
बाहेर येऊन म्हणतात, मध्यंतरानंतर वीस मिनिटं जास्त आहेत.
वीसच असतात.
निमिष तेच आलेखात शोधायचा, मंगळवारपर्यंत.

पहिल्या तिमाहीत एकशे चौदा माणसं कमी केली.
यादी माझ्याच प्रिंटरमधून निघाली, कोमट.
त्यात खंडव्याचे फणसेकाका होते,
ज्यांच्या मुलीच्या लग्नात साहेब पंगतीला बसले होते.
फोन त्यांनी स्वतः केला. दार लावून, तासभर.
त्या आठवड्यात शेअर नऊ रुपयांनी चढला.
एक तास आणि नऊ रुपये,
कोणत्या रकान्यात काय मांडू?

तरी पाच कलमं भरली. आठ, सात, सात, आठ, सहा.
याच कामाला निमिषला मी पाच दिले असते,
हे माझं मला ठाऊक.
कलम सहा: उत्तराधिकाऱ्याची तयारी.
विचारलं तर हसतात, अहो, अजून दोन वर्षं आहेत.
मागच्या खेपेलाही दोनच होती.
चार वेळा.

काल विजयनगरला शेवटचा खेळ सुटला.
गाडीपाशी थांबून त्यांनी पार्किंगच्या भेरूलालला विचारलं,
आज किती गाड्या?
"छे सौ से ऊपर, साब. आप आए तब से रौनक है."
साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
माझ्या पर्समध्ये दिवसाचा तक्ता होता, तीनशे एकेचाळीस.
भेरूलाल खोटं बोलणारा माणूस नव्हे.
निमिषला तो नेमका आकडा सांगायचा,
तोंडावर, विडी न विझवता.
साहेब माझ्याकडे वळले. बघितलंत?

हो सर, मी म्हटलं. गर्दी होती.

सोमवारपर्यंत मुदत आहे.
कलम सहा कोरंच आहे अजून.
घरी येऊन मी वरची कलमं पुन्हा वाचली,
चौथ्याशी थांबले:
हाताखालची माणसं यांच्यासमोर मोकळेपणाने बोलतात का?
तिथे माझ्या अक्षरात आठ.
शाईने.